भाड्याच्या कलशांची ओंदिना

ओंदिनाच्या वडिलांनी ते दोन कलश लिलावात घेतले, तेव्हा तिच्या आईने आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

तिचे वडील, म्हणजे आमचे दोर्वालिनोकाका, घोडागाडी हाकायचे. खारवलेल्या मांसाच्या व्यापारात गबर झालेल्या, ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या आमच्या पेलोतास गावातल्या बड्या घराण्यांचे दिवस तेव्हा फिरले होते. एकेक हवेली रिकामी होत होती आणि सामान हलवायला काकांची गाडी लागत होती. पलंग, आरसे, जेवणाची टेबलं, चिनी मातीच्या ताटल्या, सगळ्याला गिऱ्हाईक मिळायचं. या कलशांना मात्र कोणी हात लावेना. ओतीव काशाचे, वर सोन्याचा मुलामा, चालायला लागलेल्या पोराएवढे उंच. खाली चौकोनी बैठक, त्यावर बारीक पाय, मग फुगीर पोट. पोटावर पानांची माळ, आणि माळेची टोकं तोंडात धरलेली दोन मेंढ्यांची डोकी, शिंगं कानांभोवती वळलेली. वर झाकण होतं, पण ते उघडायचं नाही. सगळं एकसंध ओतलेलं होतं.

आईने विचारलं, "यात पाणी राहत नाही, पीठ राहत नाही. मग राहतं तरी काय?"

"दिमाख," काका म्हणाले, आणि अबोला तिथून सुरू झाला.

तो मोडला एका मरणामुळे. आमच्या गल्लीतल्या पाववाल्याचे वडील गेले. मुलाला वाटलं, म्हातारा जन्मभर भट्टीपुढे राबला, निदान शेवटच्या दिवशी तरी जरा शोभेने जावा. त्याने काकांकडे ते कलश एका दिवसापुरते मागितले. शवपेटीच्या उशाशी दोन बाजूंना ते उभे राहिले आणि पाववाल्याच्या खोलीचं रूपच पालटलं. आलेले लोक आपसूक हळू बोलायला लागले. पुढच्याच महिन्यात एका चांभाराच्या मुलीचं लग्न होतं, तिथेही ते गेले. मग कोणाचं बारसं, कोणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, कुठे बिशप यायचा असेल तर चर्चचं दार. ज्यांच्या बापजाद्यांनी त्या हवेल्यांच्या मागच्या दारातून आत पाऊल टाकलं होतं, त्यांच्या घरी एका दिवसासाठी हवेलीच्या दिवाणखान्याचं दार उघडायचं.

काकांनी हळूहळू आणखी सामान जमवलं. एक अर्धगोल टेबल होतं, त्याच्या लाकडात फिकट लाकडाचे तुकडे बसवून कलशच काढलेला. मेणबत्त्यांच्या उंच समया होत्या, त्यांच्या माथ्यावरही तोच आकार. चहासाठी तोटीचं मोठं भांडं होतं, चांदीचा पत्रा चढवलेलं, तेही कलशासारखंच. जुन्या श्रीमंतांना या आकाराचं वेडच होतं. त्यांच्या हवेल्यांच्या छपरांवर अजूनही मातीचे पांढरे कलश ओळीने उभे आहेत, आम्ही त्यांना मुरंब्याच्या बरण्या म्हणतो. पण गल्लीत 'कलश' म्हटलं की ते काकांचे दोन, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

आमचं घर समोरच. माझी आई अंड्याच्या बलकाची मिठाई करायची, पुढे मी करायला लागले. लग्न ठरलं की लोक आधी आमच्याकडे मिठाईची वर्दी द्यायचे आणि रस्ता ओलांडून कलशांची. त्यामुळे ओंदिना आणि मी एकाच गाडीतून असंख्य लग्नांना गेलो, मागच्या दाराने.

ओंदिना हाडापेराने मोठी, बोलायला कमी. काका थकल्यावर धंदा तिच्याकडे आला. कलश ती कोणाला उचलू द्यायची नाही. एकेक कवेत घ्यायची, पोटाशी धरायची आणि गरोदर बाईसारखी मागे झुकून चालायची. जागेवर ठेवले की चार पावलं मागे जायची, एक डोळा मिटायची, पुन्हा जाऊन एखादा बोटभर सरकवायची. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की मान हलवायची. तेवढंच. काकांचा एकच नियम होता, जोडी फोडायची नाही. एका कलशाची चौकशी करणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवायचे. ओंदिनानेही तो नियम पाळला.

तिचं लग्न झालं नव्हतं. तरुणपणी औषधांच्या दुकानातला एक जण तिला सिनेमाला न्यायचा. त्याला सुट्टी शनिवारी, आणि लग्नंही शनिवारीच. ओंदिनाला शनिवार कधी मोकळाच मिळाला नाही. वर्षभराने त्याने दुसरीशी लग्न केलं, आणि त्या लग्नालाही कलश हिनेच नेऊन लावले. मला राहवलं नाही, मी विचारलं की तुला काही वाटलं नाही का गं. तिने थोडा विचार केला. म्हणाली, त्याची आई व्यवस्थित बाई आहे, सामान वेळेवर परत आलं.

अशी वर्षं गेली. घोडागाडी जाऊन छोटा ट्रक आला. काका-काकू गेले. आमच्या गावात दमट हवा इतकी की भिंतींना बुरशी येते आणि कपाटातले बूट हिरवे होतात. ओंदिना रोज सकाळी मऊ फडक्याने कलश पुसायची. मेंढ्यांच्या शिंगांच्या वळणात बोट घालून ओल टिपायची. ते ती इतक्या सवयीने करायची की माझ्याशी बोलता बोलता तिचं बोट बरोबर त्या वळणात जायचं.

चौकापलीकडे आर्नो हार्टविग नावाच्या पत्रेवाल्याचं दुकान होतं. पन्हळी, दुधाच्या बुधल्या, कंदील असलं काम. हा डोंगराकडच्या जर्मन वस्तीतला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. त्याची आई हुल्दा म्हातारपणी त्याच्याकडे राहायला आली होती. लोणी विकून तिने पाच मुलं वाढवली होती आणि बसून राहणं तिला जमत नव्हतं. रोज काठी टेकत गावात फेरी मारायची आणि परतताना ओंदिनाच्या पायरीवर दम खायला बसायची. पोर्तुगीज मोडकंतोडकं, पण बोलण्याची हौस दांडगी.

एकदा ओंदिना कलश पुसत होती तेव्हा म्हातारीने काठीने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "मी मेले की हे माझ्या दोन्ही बाजूंना ठेव. एवढं सोनं मी जन्मात अंगावर घातलं नाही."

"ठेवीन," ओंदिना म्हणाली.

"नुसतं तोंडदेखलं म्हणू नकोस हो."

"दोना हुल्दा, मी ठेवीन म्हटलं ना." बाईला मानाने हाक मारताना आमच्याकडे दोना म्हणतात.

म्हातारीने जाऊन हे मुलाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, तिच्या चर्चच्या पाद्रीबाबांनाही सांगितलं. त्या चर्चमध्ये सगळं साधं असतं, चित्र नाही की मूर्ती नाही. पाद्रीबाबा म्हणे जरा खाकरले आणि त्यांनी विषय बदलला.

पुढच्या जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, हुल्दा गेली. शुक्रवारी संध्याकाळी. आणि शनिवारी तांदळाच्या गिरणीवाल्यांच्या मुलीचं लग्न होतं. मुलीची आई दोना एर्सिलिया हिने कलश सहा महिने आधी सांगून ठेवले होते.

शनिवारी सकाळी ट्रक भरत होता. माझी मिठाईची ताटं चढली होती, दोन्ही कलश गोधडीत गुंडाळून बसवले होते. तेवढ्यात आर्नो आला. टोपी हातात, दाढी केलेली, डोळे सुजलेले. त्याने ट्रककडे पाहिलं आणि जरा लांबच थांबला.

"आई गेली," तो म्हणाला. "तुम्ही तिला शब्द दिला होता, म्हणून सांगायला आलो. मागायला नाही. आज गिरणीवाल्यांचं लग्न आहे हे मला ठाऊक आहे."

ओंदिना ट्रकच्या फळीला धरून उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण त्या वेळी तिच्या मनात काय चाललंय ते मला सांगता आलं नसतं. मग ती फळीवर चढली, एका कलशाची गोधडी सोडली आणि त्याला कवेत घेऊन खाली उतरली.

"चला," ती आर्नोला म्हणाली. "हा मी आणून देते." मग माझ्याकडे वळून, "झिल्दा, तू ड्रायव्हरबरोबर ट्रकने पुढे जा. मी मागून येते."

आर्नो म्हणाला की तो उचलतो. तिने ऐकलं नाही. चौक ओलांडून ती पत्रेवाल्याच्या घरात गेली. दोन बाजू करता येत नव्हत्या म्हणून कलश उशाशी मधोमध ठेवला. मागे जाऊन एक डोळा मिटला. पाद्रीबाबा तिथेच होते. मेंढ्यांच्या डोक्यांकडे पाहून म्हणाले, बायबलमध्ये मेंढ्यांचा उल्लेख पुष्कळ आहे. आणि तेवढ्यावर त्यांनी ते प्रकरण मिटवलं.

इकडे लग्नघरी एर्सिलियाबाईंचा पारा चढला होता. मी त्यांना सांगून थकले की ओंदिना येतेच आहे. ती आली, केस विस्कटलेले, दम लागलेला.

"एकच?" एर्सिलियाबाई म्हणाल्या. "दोना ओंदिना, माझ्या मुलीला काय एकच बाजू आहे?"

"दुसरा मयताला गेलाय."

बाईंनी छातीवर क्रूस काढला. "म्हणजे आता हा माझ्या लग्नघरात, आणि तो तिकडे मढ्यापाशी?"

"दरवेळी असंच असतं, बाई. एरवी मध्ये एखादा आठवडा जातो, एवढंच."

ओंदिनाने हात जोडून माफी मागितली. म्हणाली की चूक तिची आहे, शब्द दोघींना दिला होता आणि दोन्ही शब्द निम्मेनिम्मे मोडले. लग्नाचं भाडं ती घेणार नाही. पण बाईंना भाड्याची फिकीर नव्हती. केक ठेवायच्या टेबलाची एक बाजू भुंडी दिसत होती आणि तासाभरात पाहुणे यायचे होते.

मग मला माझं तांब्याचं घंगाळ आठवलं. पेरूचा गर आटवायचं, आजीच्या वेळचं. वऱ्हाडाला गरम मिठाई द्यायची म्हणून ते मी ट्रकमधून आणलंच होतं. मागच्या अंगणात राख आणि लिंबू लावून आम्ही दोघींनी ते घासलं. आतून-बाहेरून लाल झळाळलं. एका उंच तिवईवर ठेवून त्यात पांढऱ्या लिलीची फुलं भरली. एका बाजूला सोन्याचा कलश, दुसऱ्या बाजूला माझं घंगाळ. ओंदिना मागे गेली, डोळा मिटला, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. तरी तिने मान हलवली.

पाहुण्यांनी त्या मांडणीचं इतकं कौतुक केलं की संध्याकाळपर्यंत एर्सिलियाबाई सांगू लागल्या, ही रिओकडची नवी पद्धत आहे, मीच मुद्दाम करायला सांगितली. त्या वर्षी माझ्या घंगाळाला चार लग्नांची आमंत्रणं आली. गर कशात आटवायचा हा प्रश्न वेगळाच.

पण ओंदिनाच्या मनाला ते लागून राहिलं होतं. म्हातारीने दोन म्हटले होते आणि मिळाला एकच. सोमवारी आर्नो स्वतः हातगाडीवर कलश घेऊन आला. आईच्या पिसांच्या रजईत गुंडाळलेला. ओंदिनाने त्याचीही माफी मागितली.

तो म्हणाला, "आई पाच भावंडांच्या घरात वाढली. तिला कुठलीच गोष्ट आख्खी मिळायची सवय नव्हती. तिला चाललं असेल." मग कलशाकडे बघत म्हणाला, "पण एक तिसरा असता तर ही वेळ आली नसती. मी करून बघू का? ओतकाम मला येत नाही. पत्रा ठोकून."

तिसरा कलश म्हणजे जोडी राहणार नाही, ओंदिनाच्या मनात आलं असणार. पण ती हो म्हणाली.

तेव्हापासून आर्नो संध्याकाळी येऊ लागला. कागद लावून मापं घ्यायचा, बोटं फिरवून वळणं समजून घ्यायचा. तुंब्यातून नळीने ओढून प्यायचा आमच्याकडचा कडू चहा तो बरोबर आणायचा. एक घोट तो, एक घोट ती, मी गेले तर एक घोट मी. बैठक झाली, पोट झालं, पानांची माळ झाली. मेंढ्यांपाशी गाडं अडलं. त्याच्या वस्तीत डुकरं होती, गाई होत्या, मेंढ्या नव्हत्या. ठोकून ठोकून जे डोकं तयार झालं ते त्याने एके दिवशी फडक्यातून काढून टेबलावर ठेवलं. गाल ओघळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, शिंगं म्हणजे दोन पाव.

ओंदिनाने ते पाहिलं, आणि ती हसली. इतक्या मोठ्याने हसली की मला समोर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. मी हात पुसत पळत गेले, वाटलं काहीतरी झालं. ती टेबलावर डोकं टेकून हसत होती आणि आर्नो लालबुंद होऊन उभा होता.

"हा माझा मामा आहे," शेवटी तो म्हणाला. "मी मेंढा करायला गेलो आणि मामा झाला." मग तोही हसला.

ते डोकं तसंच बसवलं, आणि दुसऱ्या बाजूलाही मामाच. पितळी पत्र्याचा तो कलश उचलायला हलका होता, आणि त्याचं झाकण उघडायचं. लोकांना तो आवडू लागला. ज्यांना सोन्याचे दोन परवडत नव्हते किंवा ज्यांच्या घरी ते विचित्र दिसले असते, ते म्हणायचे, आम्हाला मामाचा द्या.

मामाचा कलश पुरा झाल्यावर आर्नोला येण्याचं कारण उरलं नाही. तरी तो आला. काही दिवस टेबलाचे पाय दुरुस्त केले, समयांना डाग दिला. मग तेही संपलं. एका संध्याकाळी मी मिठाईची रिकामी ताटं न्यायला गेले होते, तेव्हा तो दारात टोपी फिरवत उभा होता.

"दोना ओंदिना, तुम्हाला शनिवारी कधी वेळ असतो?"

"शनिवारी मला मरायलासुद्धा वेळ नसतो."

"मग बुधवारी लग्न करू," तो म्हणाला.

मी ताटं घेऊन तिथेच थिजले. ओंदिनाने विचारलं की बुधवारी चर्च उघडं असतं का, आणि कुठलं चर्च, त्याचं की तिचं. मी ताटं तशीच टाकून घरी आले.

गावाने तोंडसुख घेतलंच. पन्नाशीला टेकलेली बाई बाशिंग बांधतेय, तेही पत्रेवाल्याशी, तेही दुसऱ्या पंथाच्या. तिने ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. लग्न बुधवारी सकाळी झालं, आधी नोंदणी कचेरीत, मग त्याच्या चर्चमध्ये, कारण तिचे पाद्री वेळ लावत होते. जेवण माझ्या अंगणात. मी विचारलं की सोन्याचे कलश मोकळेच आहेत, आणू का.

"त्यांनाही एक दिवस सुट्टी असू दे," ती म्हणाली.

मग मामाचा तेवढा आणला. त्यात आम्ही बर्फ भरून बिअरच्या बाटल्या ठेवल्या.

पुढची पंधरा-वीस वर्षं दोघांनी मिळून धंदा चालवला. मग काळ बदलला. मयत घरात ठेवणं बंद झालं, नगरपालिकेने त्यासाठी हॉल बांधले. लग्नं क्लबमध्ये होऊ लागली, तिथे त्यांचे फुगे आणि झिरमिळ्या. कलश दुकानात उभे राहू लागले. एक दिवस पोर्तो आलेग्रेहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. सभ्य माणूस. त्याने कलश उलटे करून पाहिले, फ्रान्सचे आहेत म्हणाला, आणि चांगला भाव सांगितला. मामाच्या कलशापाशी तो थबकला आणि हा कोणी केला असं विचारलं. आर्नोने मी म्हणून सांगितलं. व्यापाऱ्याने आदराने मान डोलावली आणि तो पुन्हा सोन्याच्या कलशांकडे वळला.

गल्लीत सगळ्यांना वाटलं, ओंदिना नाही म्हणेल. तिने हो म्हटलं. ट्रकपर्यंत मात्र कोणाला हात लावू दिला नाही. पासष्टीच्या पुढची बाई, एकेक कवेत घेऊन गेली. ट्रक वळल्यावर मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, रडेल म्हणून.

"मला काय त्यांचं लोणचं घालायचं होतं?" ती म्हणाली, आणि कंबर चोळत आत गेली.

पण पुढचा शनिवार तिला जड गेला. आर्नोने मला नंतर सांगितलं. ती पहाटे उठली, कामाचा काळा पोशाख घातला, बूट घातले, आणि पर्स मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. कुठे जायचंय असं त्याने विचारलं. तिने सांगितलं की ठाऊक नाही. मग तोही बूट घालून आला आणि दोघं लारांजालची बस धरून सरोवरावर गेले. बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर सरोवर, आणि ती तिथे लहानपणी एकदाच गेली होती. त्या दिवशी ती काळ्या पोशाखात कट्ट्यावर बसून राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली. पुढच्या शनिवारी बूट काढले. त्याच्या पुढच्या वेळी मलाही बरोबर नेलं.

लारांजालला पाणी उथळ आहे. आत कितीही चाललं तरी बराच वेळ कमरेच्या वर येत नाही. मी आणि आर्नो वाळूत बसून तळलेले मासे खात होतो. ओंदिनाने पोशाख गुडघ्यावर खोचला आणि ती चालायला लागली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, मग मांड्यांपर्यंत. पोशाख भिजला, तिने सोडून दिला. पोरं खेळत होती त्यांच्या पुढे गेली, कोळ्यांच्या काठ्या रोवलेल्या होत्या तिथपर्यंत गेली. आर्नो उठून उभा राहिला. त्याने तोंडाशी हात धरून हाक मारली की फार लांब जाऊ नकोस.

तिला ऐकू गेलं असावं, कारण तिने एक हात वर केला. मागे वळून न बघता तो थोडा हलवला, आणि ती पुढे चालत राहिली. पाणी अजून कमरेएवढंच होतं.